कृपया मान हलवू नये

खिळेकाकांनी आयुष्यात दोन गोष्टी कधीच केल्या नव्हत्या. एक म्हणजे कपड्यांना इस्त्री, आणि दुसरी म्हणजे चूक कबूल करणं. त्या एका आठवड्यात दोन्ही करायची पाळी त्यांच्यावर आली, आणि तीही चार टी-शर्टांपायी.

खिळेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एकेचाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळीत बसवले, म्हणून इमारतीने त्यांचं हे बारसं केलं. आता खिळा हा उलटा असतो. कागदावर सुलट उमटायचं तर धातूवर उलटच असावं लागतं. तेव्हा इतक्या वर्षांत काकांची नजर अशी तयार झाली होती की उलटं काय नि सुलटं काय, ते सारख्याच वेगाने वाचत. आपण काय वाचलं, उलटं की सुलटं, हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. या गुणाचा छापखान्याबाहेर काडीचा उपयोग नव्हता, पण अभिमान दांडगा होता. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला, तोही काका नाक मुरडत शिकले. मग छापखानाच बंद झाला आणि काका घरी बसले.

घरी बसलेल्या माणसाला सगळी इमारत एकाच वाक्याने ओळखते: ‘काका काय, मोकळेच आहेत.’ कुरियर घ्यायचंय, काका मोकळेच आहेत. नळदुरुस्तीवाला येणार आहे, काका मोकळेच आहेत. हे वाक्य काकांना टोचत असे. ते कुणाला सांगत नसत, पण फार टोचत असे.

त्यांच्या सुनेने नऊ वर्षं दुसऱ्यांच्या सलूनमध्ये उभं राहून केस कापले होते. आता तिने स्वतःचं सलून काढलं. नाव ठेवलं ‘कुरळे-सरळ’. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, हाताखाली दोन मुली, आणि येत्या रविवारी अकरा वाजता उद्घाटन. त्याच्या आधीच्या रविवारी चहा घेताना ती सहज म्हणाली, की मुलींसाठी आणि स्वतःसाठी फिकट निळे टी-शर्ट आणलेत, त्यांवर दुकानाचं नाव छापायला टाकतेय.

“कुठल्या छापखान्यात?” काकांनी विचारलं.

“छापखाना नाही हो बाबा. चौकात टी-शर्टवर छापून देतात ना, तिथे.”

काकांनी कप बशीत ठेवला. एवढा हळू ठेवला की स्वयंपाकघरातून काकूंनी मान बाहेर काढून पाहिलं.

“या घरात एकेचाळीस वर्षांचा छापखाना खुर्चीवर बसलाय,” काका म्हणाले, “आणि घरची सून चौकात छापून घेणार.”

“बाबा, ते कापडावर असतं. इस्त्री वगैरे लागते.”

“अक्षर ते अक्षर. कागद काय नि कापड काय.”

“इस्त्री कुठल्या बाजूने तापते ते तरी माहितीये का?” काकूंनी आतून विचारलं.

या प्रश्नाला उत्तर देणं काकांनी आपल्या प्रतिष्ठेला शोभणारं मानलं नाही. सून त्यांच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. दिवसभर माणसांचे चेहरे आरशात बघणारी बाई ती, तिला काय दिसायचं ते दिसलं असणार.

“बरं,” ती म्हणाली. “तिकडची ऑर्डर रद्द करते. पण रविवारी अकराच्या आत मला चार टी-शर्ट हवेत बाबा. तीन अंगावर, एक वरकड. तुमच्या भरवशावर सोडतेय.”

‘तुमच्या भरवशावर’ हे शब्द काकांनी किती वर्षांनी ऐकले होते. रात्री जेवताना ते दोनदा कारण नसताना हसले.

सोमवारी त्यांनी कागद आणला. हा कागद मोठा गमतीचा असतो. घरच्या प्रिंटरवर त्यावर छापायचं, छापलेली बाजू कापडावर पालथी घालायची, वरून कडक इस्त्री दाबायची, थंड झालं की कागद सोलायचा. शाई कापडावर राहते, कागद हातात येतो. फक्त एक पथ्य: कागद पालथा पडणार, म्हणून त्यावरचं सगळं उलटं छापायचं. कागदावर उलटं, तरच अंगावर सुलटं. पाकिटात दहा कागद होते.

“इथेच सगळे फसतात,” खालच्या मजल्यावरचे फ्यूजमामा म्हणाले. मामा वीज कंपनीतून निवृत्त झाले होते, आणि इमारतीत कुणाकडे काहीही गरम होऊ लागलं की सल्ला द्यायला हजर होत. “उलटं छापायचं विसरतात आणि सगळं वाया. आमच्या मेहुण्याने पंचवीस टी-शर्टांची पोतेरी केली.”

खिळेकाका एवढे मोकळेपणाने हसले की मामांना वाईट वाटलं.

“मामा, जगातल्या बाकी कुणाकडूनही ही चूक होईल,” ते म्हणाले. “माझ्याकडून व्हायची नाही. पोहणाऱ्याला तुम्ही पाणी ओलं असतं हे सांगताय.”

मजकूर जुळवायला त्यांनी पूर्ण दिवस घेतला. सुनेने नुसतं नाव सांगितलं होतं. वर कात्री-कंगवा, खाली ‘कुरळे-सरळ’. पण त्याच्या खाली तीन बोटं जागा मोकळी राहत होती, आणि मोकळी जागा पाहिली की जुन्या कंपोझिटरचे, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचे, हात शिवशिवतात. काकांनी तिथे एक ओळ टाकली: ‘कृपया मान हलवू नये.’

“बाबा, हे कशाला?” सुनेने विचारलं.

“तूच म्हणतेस ना, गिऱ्हाइकं मान हलवतात आणि वस्तरा चुकतो. सूचना छापील असली की लोक ऐकतात.”

तिने ते तसंच राहू दिलं. उद्घाटनाला पाच दिवस उरले होते आणि तिचा नळवाला, रंगवाला नि आरसेवाला असे तीन जण एकमेकांवर रुसले होते.

मंगळवारी चाचणी. चाचणीला काकांनी स्वतःची जुनी बनियन घेतली आणि नुसतं कात्री-कंगव्याचं चित्र छापलं. चाचणीवर अक्षरं वाया घालवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. खिळे झिजतात, हे त्यांना शिकवलेलं. प्रिंटरमध्ये खिळे नसतात हे त्यांना कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं.

पहिला कागद चुकीच्या बाजूला छापला गेला. शाई वाळेचना, आणि इस्त्री लावल्यावर बनियनवर एक निळसर ढग उमटला. दुसऱ्या वेळी इस्त्रीची वाफ सुरू राहिली, त्यामुळे चित्राला गोवर आल्यासारखे फोड आले. तिसऱ्या वेळी फ्यूजमामा आले आणि इस्त्री पुरेशी तापलेलीच नाही असं म्हणून त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. बनियनला गोल भोक पडलं. त्याच मुहूर्तावर काकूंनी गिझर लावला आणि जिन्यातल्या दिव्यासकट अर्धा मजला अंधारात गेला. मामा मात्र खूश झाले, कारण फ्यूज बसवायची संधी त्यांना दोन वर्षांनी मिळत होती.

चौथा कागद बरोबर बसला. ओट्यावर उशीचा अभ्रा पसरून, वाफ बंद करून, तीन मिनिटं सगळ्या अंगाचा भार देऊन काकांनी दाबलं, थंड होऊ दिलं, सोललं. बनियनच्या उरलेल्या भागावर कात्री-कंगवा लखलखत होता. काकू पण “अगंबाई” म्हणाल्या. काकांनी ती बनियन दाराच्या कडीला लावून ठेवली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी.

ती पहिल्यांदा दिसली सेक्रेटरींना. सोसायटीचे सेक्रेटरी जळकट वासाचा माग काढत वर आले होते.

“काका, घरात कारखाना काढलात?”

“टी-शर्ट छापतोय. चार.”

“चार असोत की चारशे. राहत्या जागेत उद्योग म्हणजे कमिटीची परवानगी. वास, वीज, आग, तिन्हीचा प्रश्न आहे. फॉर्म भरा, दोन प्रतींत.”

फॉर्म आला. ‘कामाचे स्वरूप’, ‘धूर निघतो काय’, ‘निघत असल्यास कोणत्या दिशेस’. दुसऱ्या कुणी तो निमूट भरून दिला असता. पण काकांना त्यात अकरा मुद्रणदोष दिसले. त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी लाल पेन घेतलं, समासात जुन्या पद्धतीच्या खुणा केल्या, दोन ओळींमधलं अंतर वाढवायला सांगितलं, आणि खाली ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवावे’ असं लिहून फॉर्म परत केला. धूर कोणत्या दिशेस निघतो ते भरायचं राहूनच गेलं.

हा फॉर्म सेक्रेटरींनी स्वतः तयार केला होता. ते बुधवारभर बोलले नाहीत. गुरुवारी त्यांनी ‘विषय पुढील मासिक सभेत घेण्यात येईल’ अशी चिठ्ठी दाराखालून सरकवली. पुढची मासिक सभा तीन आठवड्यांनी होती.

शेवटी सूनच खाली गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पण परत आली तेव्हा तिच्या हातात परवानगी होती: शनिवारी दुपारी दोन ते पाच, खिडक्या उघड्या ठेवून.

“काय सांगितलंस त्यांना?” काकांनी विचारलं.

“उद्घाटनाचं पहिलं कटिंग त्यांचं.” तिने कागद त्यांच्या हाती दिला. “बाबा, होईल ना शनिवारी? नाही झालं तर सांगा, मी साधे शर्ट घालायला सांगते मुलींना. खरंच चालेल.”

“सूनबाई, मी कधी माल उशिरा दिलाय?”

शनिवारी दोनला काका कॉम्प्युटरसमोर बसले. मजकूर उघडला, आडवा फिरवून उलटा केला. मग प्रिंटरला कागदाचा प्रकार सांगायचा होता. यादीत ‘साधा’, ‘फोटो’, ‘टी-शर्ट’ असे प्रकार होते. नेमकेपणा हा काकांचा बाणा, त्यांनी ‘टी-शर्ट’ निवडला. प्रिंटर कुरकुरला आणि पहिला कागद बाहेर आला. काकांनी वाचला: कुरळे-सरळ, कृपया मान हलवू नये. एक काना इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी कागद काकूंपुढे धरला.

“कसं वाटतंय?”

काकूंनी चष्मा लावला. “छान आहे. पण अहो, हे उलटं यायला हवं होतं ना? तुम्हीच सांगत होतात सोमवारपासून.”

“उलटंच आहे.”

“मला तर सरळ वाचता येतंय.”

काकांनी कागदाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं.

“चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलास,” ते म्हणाले. “तुलाही सवय झाली.”

“काहीतरीच.”

“काहीतरीच काय? मी स्वतःच्या हाताने उलटवलंय. म्हणजे उलटंच असणार. एकेचाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचलेल्याला तू उलटं ओळखायला शिकवणार?”

काकूंनी पुन्हा एकदा कागद वाचला. आपल्याला नकळत काही कला अवगत झाली असेल तर ती कुणाला नको असते? त्या चष्मा पुसत आत गेल्या.

सहापैकी एक कागद प्रिंटरने गिळला आणि एक कडा कापताना फाटला, पण सुदैवाने टी-शर्टला लागायच्या आधीच. उरलेल्या चारांनी काम फत्ते केलं. प्रत्येक टी-शर्ट काकांनी स्वतः वाचून तपासला, लगेच घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सुतळीने बांधला. काकू बघायला आल्या तर त्यांनी परत पाठवलं. बांधलेला माल गिऱ्हाइकाने दुकानात उघडायचा, मधल्या मध्ये कुणी हात लावायचा नाही, हा छापखान्याचा नियम होता. पाचला दहा कमी असताना त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि सेक्रेटरींना तसं फोन करून कळवलं.

रविवारी साडेदहाला सगळे सलूनमध्ये जमले. रंगाचा वास होता, दोन खुर्च्या चकाकत होत्या, भिंतभर आरसा दुपटीने गर्दी दाखवत होता. सेक्रेटरी केस विस्कटूनच आले होते, म्हणजे कटिंगचा फरक कळावा. काकांनी गठ्ठा सुनेच्या हाती दिला. सुतळी घट्ट आहे, असं दोनदा सांगितलं.

सुनेने सुतळी सोडली, टी-शर्ट उलगडला आणि पुढ्यात धरला. मग हाताखालच्या दोघींपैकी एकीने तोंडावर हात दाबला, दुसरीला तेही जमलं नाही.

“उलटं छापलंय की हो,” फ्यूजमामा म्हणाले.

“कुठे उलटं?” काका पुढे झाले. “हे काय. कुरळे-सरळ. कृपया मान हलवू नये. काय चुकलंय यात?”

त्यांना खरंच दिसत नव्हतं. त्यांनी मामांकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं, शेवटी काकूंकडे पाहिलं. काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, उलटं आहे.”

काकांनी बोट लावून पहिलं अक्षर शोधलं. ते उजव्या हाताला निघालं. त्यांचे कान तापले. कागद संपले होते आणि घड्याळात अकराला वीस मिनिटं होती.

“छापील सूचना आहे,” सेक्रेटरी म्हणाले, “पण वाचायची डोक्यावर उभं राहून की काय? अकरा चुका काढल्या होत्या काकांनी माझ्या फॉर्मात.” दोघेतिघे हसले. हे हसणं काकांना लागायचं तिथे बरोबर लागलं.

“सूनबाई, साधे शर्ट घाला तुम्ही,” काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. “माझं राहू दे.”

सुनेने टी-शर्टावरून हात फिरवला. एक कोपरा उचकटलेला नव्हता, एक फोड नव्हता. “तिघींचे सारखे आहेत, स्वच्छ आहेत,” ती म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी केलेत. हेच घालायचे.” आणि मुलींना घेऊन ती आत गेली.

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. खिशातून पाकिटातला माहितीचा कागद काढला आणि पहिल्यांदाच तळातली बारीक ओळ वाचली: प्रिंटरमध्ये ‘टी-शर्ट’ प्रकार निवडल्यास मजकूर आपोआप उलटा होतो, वेगळा उलटवू नये. म्हणजे त्यांनी एकदा उलटवलं, प्रिंटरने दुसऱ्यांदा उलटवलं. दोनदा उलटवलेलं कागदावर सरळ आलं आणि कापडावर उलटं. काकूंना सवय वगैरे काही झालेली नव्हती. त्यांना नुसतं दिसत होतं. जन्मभर ज्यांनी बारीक टाइप जुळवला, त्यांनी बारीक टाइप वाचला नव्हता.

तोवर फीत कापून झाली होती आणि सेक्रेटरी पहिल्या खुर्चीत बसले होते. सेक्रेटरी हा गिऱ्हाईक म्हणून वाईट माणूस. डावीकडे बोलायचं तर मान डावीकडे, दाराशी कोण आलं बघायचं तर मान दाराकडे. सुनेने दोनदा कात्री मागे घेतली. फॉर्मचा विषय चालूच होता.

“काका म्हणाले मुद्रणदोष. मी म्हणतो—”

ते थांबले. समोर आरशात बघत राहिले. त्यांच्या डोक्यामागे सून उभी होती, कात्री हातात, छाती आरशाकडे.

“कृ-प-या,” सेक्रेटरींनी वाचलं, “मान हलवू नये.”

आणि ते हलले नाहीत. सलूनमधल्या सगळ्या माना मात्र आरशाकडे वळल्या. आरशात निळ्या टी-शर्टावर काळ्याभोर, सुलट, ठसठशीत अक्षरांत ‘कुरळे-सरळ’ उभं होतं. दुसऱ्या खुर्चीमागच्या मुलीने स्वतःकडे पाहिलं आणि ती सरळ उभी राहिली.

“नऊ वर्षं,” सून सावकाश म्हणाली, “मी ज्यांचं नाव छातीवर घेऊन उभी राहिले, ते गिऱ्हाइकाला आरशात उलटंच दिसायचं. कुणालाच सुचलं नाही.”

“डोकं आहे हो,” सेक्रेटरी ओठ न हलवता म्हणाले. “कल्पना कुणाची?”

“बाबांची.”

सगळे कोपऱ्याकडे वळले. काका उठून उभे राहिले. असा आयता मान पदरात पडत असताना गप्प राहणं सोपं होतं. पण समोर काकू उभ्या होत्या, आणि शनिवारी दुपारी ‘सरळ वाचता येतंय’ असं त्या म्हणाल्या होत्या.

“कल्पना वगैरे काही नाही,” काका म्हणाले. “चूक झाली. माझी. दोनदा उलटवलं गेलं. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

काकूंनी आधारासाठी रिकामी खुर्ची धरली. चाळीस वर्षांत त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

“बघा,” फ्यूजमामा लोकांना म्हणाले. “केवढा माणूस आणि किती साधेपणा. मेहुण्याला सांगतो आता.”

“तसं नाही मामा, खरंच चूक—”

“विनय,” सेक्रेटरी म्हणाले. “जुन्या लोकांत होता हा.”

काकांनी तिघाचौघांना त्या कागदावरची बारीक ओळ दाखवून पाहिली. कुणी वाचायला तयार नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चूक कबूल केली आणि ती कुणी घेईना. शेवटी त्यांनी माहितीचा कागद घडी करून खिशात ठेवला. दुपारी निघताना सून दारापर्यंत आली.

“बाबा, अजून सहा लागतील. असेच, उलटे. जमेल ना? कामं असतील तुम्हाला.”

“मोकळाच आहे,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांना त्या दिवशी अजिबात टोचलं नाही.

मंगळवारी नवं पाकीट आलं. काकांनी मजकूर उघडला, एकदा उलटवला, प्रिंटरला ‘टी-शर्ट’ सांगितलं. कागद बाहेर आला. त्यांनी वाचला, फिरवून वाचला, उजेडात धरून वाचला. तिन्ही वेळा तो त्यांना सारखाच दिसला. ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“जरा बघतेस का?” ते म्हणाले. “तू बघितल्याशिवाय इस्त्री लावत नाही.”

काकूंनी हात पुसले, चष्मा लावला, कागद वाचला. “सरळ आहे. म्हणजे आता हे बरोबर ना?”

“बरोबर.” काका तरी हलले नाहीत. “नक्की सरळ दिसतंय ना तुला? नाहीतर सवय—”

“अहो, सवय मला तुमची झालीये,” काकू म्हणाल्या. “अक्षरांची नाही.”

काकांनी इस्त्री तापत ठेवली.